एमएलएस नेक्स्ट की ईसीएनएल? फी भरण्याआधी हे तपासा

अमेरिकेत मुलगा तेरा वर्षांचा होत आला आणि सॉकर बरा खेळू लागला, की क्लबवाले लीगचं नाव पुढे करून फी सांगतात. यूएस सॉकर या राष्ट्रीय महासंघाने आपली डेव्हलपमेंट अकादमी ही युवा लीग २०२० मध्ये गुंडाळल्यापासून मुलांसाठी वरच्या पातळीवर मुख्यतः दोनच नावं घेतली जातात: एमएलएस नेक्स्ट (एमएलएस या व्यावसायिक लीगची युवा लीग) आणि ईसीएनएल (क्लबांची देशव्यापी युवा लीग). दोन्हीकडे गट अंडर-१३ पासून सुरू होतात. त्याआधी कुणी ‘एलिट’ म्हणून जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणावं.

एमएलएस संघांच्या स्वतःच्या अकादम्यांचा दर्जा वादातीत आहे, आणि तिथे निवड झाली तर बहुतेक ठिकाणी फीच नसते. खरा प्रश्न त्याच लीगमधल्या फी घेणाऱ्या क्लबांचा. एमएलएस संघाच्या अकादमीकडून ०-६ हरताना मुलगा बॉलमागे धावण्यापलीकडे काही शिकत नाही. दोन्ही लीगमध्ये निकालावरून टीमची बढती-घसरण होत नाही, जागा क्लबच्या नावावर. त्यामुळे एकाच क्लबची अंडर-१५ टीम तगडी आणि अंडर-१४ अगदीच कच्ची, हे सर्रास दिसतं.

म्हणून बिल्ला बघू नका, निकाल बघा. त्या वयोगटाचे मागच्या सीझनचे सगळे स्कोअर काढा आणि दोन किंवा कमी गोलांच्या फरकाने संपलेल्या मॅचेस मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर स्पर्धा खरी आहे. एक तृतीयांशही नसतील, तर खालची ईसीएनएल रीजनल लीग बघा. प्रवास कमी, फीही सहसा कमी.

मग मिनिटांचा हिशोब. समजा फी ४,००० डॉलर आणि प्रवास ३,०००. सीझनमध्ये २५ मॅचेस, मुलगा सरासरी ४० मिनिटं मैदानावर: मिनिटाला सात डॉलर. तोच १५ मिनिटं खेळला तर जवळजवळ एकोणीस! टीममध्ये बावीस-तेवीस मुलं घेतली असतील, तर दर आठवड्याला किती जण मॅचच्या यादीबाहेर राहतात हे कोचला तोंडावर विचारा.

फीमध्ये काय नसतं, ते लेखी घ्या. किट बहुधा वेगळं. बाहेरगावच्या मॅचला कोचचं विमान आणि हॉटेल पालकांत वाटलं जातं. काही शोकेसमध्ये (कॉलेजचे कोच खेळाडू हेरायला येतात त्या स्पर्धांत) आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावं लागतं, स्वस्त खोली शोधायची सोय नाही. मुलगा जखमी झाला किंवा मध्येच सोडून गेला तरी बऱ्याच करारांत वर्षाची पूर्ण फी द्यावीच लागते. फी-सवलत हवी असेल तर टॅक्स रिटर्नसह अर्ज नोंदणीबरोबरच टाका; उशीर झाला की निधी वाटून झालेला असतो.

शाळेच्या टीमकडून खेळायचं असेल तर ईसीएनएल सोयीची. एमएलएस नेक्स्टच्या वरच्या विभागात, मोजके अपवाद सोडले, तर त्याला मनाई आहे. मुलींसाठी एमएलएस नेक्स्ट नाहीच. तिथे २००९ पासूनची ईसीएनएल आणि २०२० ची गर्ल्स अकादमी, आणि तपासायची रीत हीच.

स्कॉलरशिपच्या आशेने अंडर-१४ च्या शोकेसला विमानाने जाणं मात्र शुद्ध उधळपट्टी. कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या सर्वात वरच्या गटाचे, डिव्हिजन-१ चे, कोच दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. ते पैसे अकरावीच्या वर्षासाठी ठेवा.