बाबांनी हॉटेलात पिन मोठ्याने सांगितला आणि आम्ही सगळे हसलो

बरेच दिवस लिहू का नको करत होते, कारण बाबांना वाईट वाटेल असं वाटायचं. शेवटी तेच म्हणाले, लिही, निदान कुणाचे तरी पैसे वाचतील. म्हणून सगळं जसं झालं तसं सांगतेय, मोठं झालं तरी वाचा आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना वाचून दाखवा.

मे 2024 मधला रविवार. आईबाबांच्या लग्नाला 50 वर्ष झाली म्हणून आम्ही सगळे, म्हणजे दादा-वहिनी, आम्ही दोघं, मुलं, आत्या, एकूण अकरा जण, तासगावहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झालं, रंकाळ्यावर मुलांनी भेळ खाल्ली आणि रात्री एका चांगल्या हॉटेलात जेवायला बसलो. तांबडा-पांढरा, मटण थाळी, आई आणि आत्याला व्हेज. फॅमिली हॉटेल होतं, गर्दी होती, संशय यावा असं काहीच नव्हतं आणि हेच मला मुद्दाम सांगायचंय, की कुठल्या तरी अंधाऱ्या ढाब्यावर हे झालेलं नाही.

बिल 5,960 आलं. दादाने मोबाईल काढला तर बाबा म्हणाले आज कुणी खिशात हात घालायचा नाही, बिल मी देणार. जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्ष मास्तर होते ते, आता पेन्शन, खात्यावर पैसे जपून ठेवलेले. त्यांनी पाकिटातून डेबिट कार्ड काढून बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवलं. वेटर पोरगा फोल्डर घेऊन गेला आणि दोन मिनिटात परत येऊन म्हणाला, "काका पिन सांगा की, मशीन काउंटरला चार्जिंगला लावलंय, हिकडं रेंज येत नाही." बाबांना ऐकायला कमी येतं. त्याने परत विचारलं, मग बाबांनी त्यांच्या वर्गात बोलायच्या आवाजात चारही आकडे सांगितले. एक नऊ सात चार. लग्नाचं वर्ष. माझा भाचा ओरडला, "आजोबांचा पिनपण लग्नाचाच!" आणि सगळे हसलो, आई तर लाजली. त्या टेबलावर बँकेचे मेसेज रोज वाचणारी, पिन कुणाला सांगू नका हे शंभर वेळा ऐकलेली आम्ही चार शिकलेली माणसं बसलो होतो आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आत्ता काय झालं. मला हे अजून टोचतं.

फोल्डर परत आला, त्यात कार्ड, मशीनची स्लिप, बडीशेप. बाबांनी कार्ड पाकिटात ठेवलं, पन्नास रुपये टिप ठेवली, निघालो.

ते कार्ड बाबांचं नव्हतं.

बँक तीच, रंग तोच, डिझाईन तेच. बाबांच्या कार्डावर त्यांचं नाव होतं आणि यावर नावच नव्हतं, आता बँका खातं उघडलं की लगेच हातात जे कार्ड देतात ना त्यावर बऱ्याचदा नाव नसतं, तसलं. पण जेवण झाल्यावर पोरं पेंगलेली, गाडीत बसायची घाई, कोण बघतं हो. आणि स्लिपवर कार्डाचे शेवटचे चार आकडे छापलेले असतात, ते हातातल्या कार्डाशी जुळवायला पाच सेकंद लागतात, पण आम्ही स्लिप न बघता तिथेच ठेवून आलो.

पुढचं सगळं आम्हाला नंतर पासबुकवरून आणि मेसेजवरून कळलं. 9 वाजून 58 मिनिटांनी पहिले 9,500 एटीएममधून निघाले, तेव्हा आम्ही हातकणंगल्याच्या आसपास असू. मग परत 9,500, परत, परत. चार वेळा, 38,000. कार्डाची दिवसाची लिमिट 40,000 होती. मला आधी कळेना की साडेनऊच हजार का, सरळ दहा का नाही, मग बँकेतल्या साहेबांनी सांगितलं की दहा हजार किंवा त्याच्यावर काढायला गेलं की मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून ही लोकं त्याच्या खाली काढतात. आणि रात्री बारा वाजून चार मिनिटांनी परत सुरू, कारण बारा वाजले की लिमिट नव्याने चालू होते. परत चार वेळा 9,500. म्हणजे त्यांनी मुद्दाम रात्रीच्या गिऱ्हाईकाचं कार्ड धरलं असणार, दोन तासात दोन दिवसांची लिमिट मिळते म्हणून, हा माझा अंदाज. सोमवारी सकाळी एका मोबाईलच्या दुकानात 48,990 ला कार्ड चालवलं. कार्ड खरं, चिप खरी, पिन खरा, मशीन तरी काय अडवणार. सगळे मिळून 1,24,990.

मेसेज आले नाहीत का? आले की. बाबांच्या साध्या बटणाच्या फोनवर नऊच्या नऊ मेसेज आले होते. चार तर गाडीतच आले, फोन त्यांच्या खिशात होता, त्यांना आवाज गेला नाही आणि गाणी लावलेली असल्याने आम्हालाही नाही. घरी आल्यावर नेहमीसारखा फोन बंद करून चार्जिंगला लावला. सकाळी बघायचा प्रश्नच नाही, कारण इंग्रजीतले मेसेज ते उघडतच नाहीत, लोनच्या आणि लॉटरीच्या दोनशे मेसेजात हेही पडून राहिले.

बुधवारी ते एटीएमला गेले, कार्ड चालेना. म्हणून शाखेत जाऊन पासबुक छापलं. तिथे खुर्चीवर बसले ते उठेचनात, शिपायाने पाणी दिलं आणि मग दादाला फोन.

कार्ड ब्लॉक केलं म्हणेपर्यंत लक्षात आलं की हातातलं कार्ड भलत्याचंच आहे. ते तपासलं तर ते आधीच ब्लॉक केलेलं निघालं, दुसऱ्याच शाखेतल्या खात्याचं. नाव अर्थातच त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे आमच्या आधी कुणीतरी असंच फसलेलं, आणि त्याचं मेलेलं कार्ड बाबांच्या पाकिटात आलं. बाबांचं कार्ड पण आता दुसऱ्या कुणाच्या पाकिटात गेलं असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता बँकेचं काय ते नीट वाचा, कारण इथे माझा पण मोठा गैरसमज होता. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक लागू होतं, त्यात तिऱ्हाईताने फसवून पैसे काढले, चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसात कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात कामाच्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 पर्यंतचं नुकसान आपलं. आम्ही रविवारचं बुधवारी कळवलं, मी मनात म्हटलं चला वाचलो. पण त्यातच पुढे लिहिलं होतं की ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. बाबांनी अर्जात खरं तेच लिहिलं, की वेटरला पिन सांगितला. मास्तर माणूस, खोटं लिहायला सांगितलं असतं तरी लिहिलं नसतं. बँकेने महिन्याभरात लेखी कळवलं, पिन स्वतः दिल्यामुळे रक्कम देता येत नाही.

मला बँकेचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. आजवर रोज हजार-दोन हजार काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या खात्यातून रात्री आठ वेळा पैसे निघतात तेव्हा कुणाला तरी शंका यायला नको का? पण नियम वाचल्यावर सगळ्यात जास्त जीव कळवळला तो एका गोष्टीने. गाडीत कुणी तो पहिला मेसेज बघून लगेच कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन केला असता तर बारानंतरचे 38,000 आणि दुकानातले 48,990 वाचले असते. पहिल्या मेसेजनंतर दोन तास होते आमच्याकडे, आणि आम्ही गाणी ऐकत होतो.

पोलिसात गेलो, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. 1930 वर त्यांनी सांगितलं की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात गेले असतील तर पटकन गोठवता येतात, एटीएममधून नोटा निघाल्या की अवघड. हॉटेलवाल्याने हात वर केले, पोरगा दोन आठवड्यापूर्वी लागला होता, सोमवारपासून आला नाही, आधार कार्डाची झेरॉक्सपण घेतलेली नव्हती. एटीएमच्या फुटेजमध्ये टोपी आणि मास्क. तपास चालू आहे असं सांगतात. बँकेच्या उत्तरावर आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो, तिथे आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि बँकेने नकार दिला किंवा 30 दिवसात उत्तरच दिलं नाही तर जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही. पैसे मात्र आजपर्यंत आलेले नाहीत.

आता आम्ही काय करतो ते सांगते. कार्ड नजरेआड जाऊ द्यायचं नाही, मशीन टेबलावर येत नसेल तर आपण काउंटरला जायचं. पेट्रोल पंपावर तर गाडीतून खाली उतरायचंच, काचेतून कार्ड देऊन आत बसल्याबसल्या पिन सांगणारी माणसं मी आता रोज बघते आणि दोनदा अनोळखी लोकांना जाऊन बोलले पण आहे. मशीनवर रक्कम आधी वाचायची, मग दुसऱ्या हाताची आड धरून पिन. कार्ड परत आलं की शेवटचे चार आकडे. पेमेंट फेल झालं म्हणून परत स्वाईप करा म्हणाले तर आधी मेसेज बघायचा, पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नसतील तर पाच दिवसात आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची असते, हे फार लोकांना माहीतच नाही.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बाबांच्या कार्डावरचं परदेशी व्यवहार, ऑनलाईन आणि नुसतं टेकवून पैसे जाणारं टॅप, तिन्ही बंद केलं. टॅपला 5,000 पर्यंत पिनच लागत नाही, आणि परदेशी वेबसाईटवर बऱ्याचदा ओटीपी मागत नाहीत, त्यामुळे हॉटेलात कुणी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढला तरी पुरे. एटीएमची लिमिट 5,000 केली. पेन्शनचं खातं वेगळं, त्याला कार्डच नाही, तिथून दर महिन्याला लागतील तेवढेच दुसऱ्या खात्यावर. मेसेजबरोबर ईमेल पण येतो, त्यात दादाचा ईमेल टाकलाय आणि बाबा हो म्हणाले म्हणूनच टाकलाय, त्यांना न विचारता नाही.

बाबा त्यानंतर वर्षभर बाहेर जेवायला आलेच नाहीत, नको म्हणायचे, घरीच करा. गेल्या महिन्यात आईच्या वाढदिवसाला सांगलीत आले. बिल आलं, पोरगा म्हणाला आत रेंज नाही काका. हा पोरगा बिचारा खरंच सांगत असेल. बाबा काठी घेऊन उठले, पूर्ण हॉलमधून हळूहळू काउंटरपर्यंत गेले, आई मागोमाग. मशीनवर बोटं ठेवली तेव्हा आईने पदर आडवा धरला. आम्ही टेबलावरून बघत होतो. नवीन पिन काय ठेवलाय ते त्यांनी तिलाही सांगितलेलं नाही.