सीटाइप्स: बेळगावच्या दोन लिपींतल्या बिलांसाठी कितपत भरवशाचं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बिलं मराठी-कन्नड दोन्हींत निघतात. त्यांची मांडणी पायथॉनमधून सी भाषेच्या एसएनप्रिंटएफकडे (snprintf, साच्यात मजकूर आणि आकडे भरून देणारं फंक्शन) सोपवायची असेल, तर सीटाइप्स (ctypes, पायथॉनमधून सीची फंक्शन्स बोलवायचं मॉड्यूल) हाताशीच आहे. पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. अडचण एकच: एसएनप्रिंटएफ हवी तितकी आर्ग्युमेंट्स घेतं, पण त्यांचे टाइप सीटाइप्सला कुठूनच कळत नाहीत. ते आपण सांगायचे.

दर नुसता 42.50 दिला, तर लगेच एरर येतो. सी_डबल(42.50) लिहा, सी_फ्लोट नको, कारण त्या जागी सीला डबलच हवा असतो. ही चूक निदान लगेच कळते. खऱ्या घातक चुका गप्प बसतात. %एस (%s, साच्यातली मजकुराची जागा) साठी 'बेळगाव' ही साधी स्ट्रिंग द्या, लिनक्सवर छापून येतो एक स्वल्पविराम आणि एक टॅब! ब चा युनिकोड 092सी. त्यातला 2सी म्हणजे स्वल्पविराम, 09 म्हणजे टॅब, आणि पुढचा शून्य बाइट आला की सी थांबतं. आधी यूटीएफ-8 मध्ये एन्कोड करा.

ऊसबिलात रक्कम पैशांत ठेवणाऱ्यांनी आणखी जपावं. 3 कोटी रुपये म्हणजे 300 कोटी पैसे. साधा आकडा 32 बिटांचा धरला जातो आणि बिलावर येतं -1294967296. सी_लाँगलाँग (64 बिटांचा पूर्णांक) आणि साच्यात त्याची जागा %एलएलडी (%lld) ही जोडी वापरा.

आर्गटाइप्समध्ये (argtypes, फंक्शनच्या आर्ग्युमेंट्सचे टाइप सांगायची यादी) पहिली तीन ठरलेली आर्ग्युमेंट्स कायम लिहा: सी_चार_पी, सी_साइज_टी, सी_चार_पी. ॲपलच्या एम-चिपवर पुढची आर्ग्युमेंट्स रजिस्टरऐवजी स्टॅकवरून जातात. तिथे हे लिहिलं नाही, तर लिनक्सवर नीट चाललेला कोड कचरा छापतो.

रकाने जुळवण्यात मात्र सीटाइप्सचा दोष नाही. %-20एस (20 रुंदीचा, डावीकडून भरलेला रकाना) मधले 20 हे बाइट असतात, अक्षरं नव्हेत. देवनागरी 'बेळगाव' 18 बाइटांचं, त्यामुळे मागे दोनच मोकळ्या जागा उरतात. कन्नड 'बेळगावी' 21 बाइटांचं. 20 वर कापलं, तर शेवटची वेलांटी तुटते. हे काम एसएनप्रिंटएफला देऊच नये.

दोन-चार कॉल असतील तर सीटाइप्स खुशाल घ्या. जास्त असतील तर सीमध्ये ठरावीक आर्ग्युमेंट्सचं छोटं फंक्शन लिहून तेच पायथॉनमधून बोलवा. टाइप चुकला तर कंपायलर तिथल्या तिथे इशारा देतो. व्हीएसएनप्रिंटएफच्या (त्याच फंक्शनचं जुळं रूप) मागे लागू नका, त्याला लागणारी व्हीए_लिस्ट (सीमधली आर्ग्युमेंट्सची गुंडाळलेली यादी) पायथॉनमधून धड बनवता येत नाही.