मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयाची अवयवदान समुपदेशन सेवा: 5 पैकी 3

इथलं सर्वांत चांगलं म्हणजे मृत्यूची बातमी उपचार करणारे डॉक्टर देतात आणि अवयवदानाचा विषय समन्वयक काढतो, तोही मेंदू बंद पडल्याची खात्री करणाऱ्या दुसऱ्या चाचणीनंतर. बोलणं बंद खोलीत बसून होतं, आयसीयूच्या दारात नाही.

गुण कापले ते दोन चाचण्यांमधल्या सहा तासांसाठी. पहिली ॲप्निया टेस्ट (मशीन थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे पाहणं) झाली की ड्युटीवरचे डॉक्टर "ब्रेन डेड आहे, पण हृदय चालू आहे" एवढंच सांगतात. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं. अशा वेळी त्या 'पण'वर घर आशा धरून बसतं. मग मृत्यू जाहीर होतो, लगेच अवयवांचं विचारतात, आणि डॉक्टरांनी घाई केली असा संशय पक्का होतो. सांगायचं असं: श्वास मशीन देतंय, मेंदू बंद पडलाय, दुसरी चाचणी अमुक वाजता आहे आणि तीही तशीच आली तर तो कायद्याने मृत्यूच. चार डॉक्टर सही करतात, त्यात प्रत्यारोपण करणारा एकही नसतो, हे न विचारता सांगायला हवं. इथे विचारल्यावरच सांगतात.

अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात 2011 ला दुरुस्ती झाली आणि आयसीयूत नातेवाइकांना विचारणं बंधनकारक झालं. कोणत्या शब्दांत, किती वेळा, यावर मात्र कायदा गप्प आहे. त्यामुळेच इथे एकदा नाही म्हटल्यावरही दुसरा माणूस पुन्हा विचारायला येतो. हे नियम करूनच थांबवायला हवं: नकार आला की विषय संपला, घरच्यांनी काढला तरच पुन्हा.

समन्वयकाला भावकी कळते, हे विशेष. जत, कवठेमहांकाळहून बहीण येईपर्यंत तो थांबतो. चुलते कितीही बोलले तरी नमुना 8 वर, म्हणजे संमतीपत्रावर, सही जवळच्या नातेवाइकाचीच लागते, हेही तो शांतपणे समजावतो. रुग्ण 18 वर्षांखालचा असेल तर नमुना 9, आणि सही आईवडिलांपैकी एकाची.

बिलाचं काय, हे कोणी बोलत नाही. संमतीनंतर अवयव टिकवण्याचा खर्च कुटुंबावर टाकता येत नाही. संमतीची तारीख-वेळ बिलावर लिहून द्यावी. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच, शिवाय पुण्याच्या समितीकडून अवयवांचं वाटप. देह ताब्यात यायला किती तास लागतील, हे सहीच्या आधी सांगावं. गावाकडे सरण रचून माणसं थांबलेली असतात.