झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि लॅपटॉपचा आय५-१२३५यू: नऊ महिने दोघांवर काम केल्यावर

मागच्या आठवड्यात रॅमची एक स्टिक बदलून घ्यायला सोलापूरहून मुंबईला जाऊन आले. भाचीच्या साखरपुड्याला जायचंच होतं, म्हणून परवडलं. नाहीतर सेकंडहँड स्टिकसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं जाण्यायेण्याचं भाडं घालणाऱ्यातली मी नाही. दुकानदाराशी दीड तास वाद झाला. परत येताना गाडीतच ठरवलं की घरच्या या झिऑनच्या मशीनबद्दल आता सविस्तर लिहायचं, कारण जानेवारीत लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं.

मी घरून डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. दीड वर्षापासून गावातल्या एका वाचनालयाचे जुने मासिकांचे बांधीव खंड स्कॅन करून त्यांचा मजकूर टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्रॅम) युनिकोडमध्ये आणते. खिळ्यांची जुनी छपाई, पिवळा कागद, "ऱ्य" आणि "ळ" हमखास चुकणार. एका खंडात साधारण ४०० पानं. हे काम आधी आय५-१२३५यू प्रोसेसरच्या लॅपटॉपवरच चालायचं. एक खंड चालू असताना दुसरं काहीच करता येत नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून झिऑनचं (मुळात सर्व्हरसाठी बनलेला इंटेलचा प्रोसेसर) जुळवलेलं मशीन आणलं. १४ कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी स्वतंत्र केंद्रं), २८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), ६४ जीबी ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी), चिनी एक्स९९ मदरबोर्ड, सगळं मिळून २१,५०० रुपये. २०१६ साली हा एकटा प्रोसेसर १,७०० डॉलरच्या वर होता. डेटा सेंटरवाले काही वर्षांनी सर्व्हर काढून टाकतात, त्यातले प्रोसेसर आणि रॅम मोडीच्या भावात बाजारात येतात, आणि त्यांच्यासाठी चीनमध्ये असे बोर्ड बनतात. म्हणून हा भाव.

पहिल्याच दिवशी निराशा. तोच खंड, तीच स्क्रिप्ट: लॅपटॉपवर ३५ मिनिटं, झिऑनवर ५८. एकेक पान घेऊन काम चाललं की २८ थ्रेड असून उपयोग नसतो, एकट्या कोअरची धाव मोजली जाते. तिथे झिऑन ३.३ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, तर लॅपटॉपचे दोन मोठे कोअर ४.४ पर्यंत जातात, शिवाय ते सहा वर्षांनी नवे.

पण माझी खरी तक्रार वेगाची नव्हती. हे मशीन झोपत नाही. स्लीप दाबलं की पडदा काळा होतो, पंखे फिरत राहतात, आणि मग कीबोर्ड बडवा, माऊस हलवा, ते जागं होत नाही. पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. सुरू करावं तर पडद्यावर पहिलं अक्षर उमटायलाच ५० सेकंद. बायॉसच्या सेटिंग धुंडाळल्या, लिनक्सचा कर्नल बदलला, ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं लावलं (या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं, तो खर्च वेगळा). अशा चिनी एक्स९९ बोर्डांचं हे जुनंच दुखणं आहे, असं नंतर कळलं. तीन आठवडे घालवले आणि शेवटी कंटाळून मशीन चोवीस तास चालूच ठेवायला लागले. स्कॅनिंगमधून उठायचं, स्वयंपाक करायचा, परत बसायचं. दर वेळी कोण बंद-चालू करणार?

जानेवारीचं बिल सासऱ्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "सूनबाई, गीझर चालू राहिला होता का?" आमचं घर २६०-२७० युनिटमध्ये बसतं. बिलात ३१९ होते. ज्यांना टप्पे माहीत आहेत त्यांना सांगायला नको की ३००च्या पुढचं प्रत्येक युनिट चढ्या दराने पडतं.

प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. मशीन नुसतं बसलेलं, एकही प्रोग्रॅम उघडा नाही: ६८ वॅट. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ४९ युनिट. लॅपटॉप तसाच नुसता उघडा ठेवला तर ६ वॅट, झाकण मिटलं की मीटरवर नावापुरतं काहीतरी. त्या संध्याकाळी मी मशीन विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली होती.

ती टाकली नाही, कारण त्याच आठवड्यात टेसरॅक्टबद्दल एक गोष्ट कळली आणि ती या कामात असलेल्या प्रत्येकाने करून बघावी. टेसरॅक्ट एका पानासाठी आपणहून चार थ्रेड वापरायला जातो आणि त्यातून मिळतं फार थोडं. ओएमपी थ्रेड लिमिट नावाचं एक मूल्य असतं, ते १ करायचं, म्हणजे एका पानाला एकच थ्रेड. आणि पॅरलल या आज्ञेने जितके थ्रेड तितकी पानं एकाच वेळी सोडायची. तसं केलं. झिऑनवर तो ५८ मिनिटांचा खंड साडेपाच मिनिटांत संपला. मला वाटलं मध्येच काहीतरी अडकून बंद पडलं. फायली मोजल्या, चारशेच्या चारशे होत्या. लॅपटॉपवरही तीच युक्ती केली: १७ मिनिटं.

आता मीटर. त्या साडेपाच मिनिटांत झिऑन १८५ वॅट ओढतो, म्हणजे एका खंडाला सुमारे १७ वॅट-तास. लॅपटॉप सरासरी ३१ वॅट, म्हणजे खंडाला ९. तेवढ्याच कामाला लॅपटॉप निम्मी वीज घेतो, हे खरं. पण हिशेब पुढे नेला तेव्हा मी स्वतःच दोनदा तपासला: महिन्यात ६० खंड केले, जे मला शक्यच नाही, तरी झिऑनला त्यासाठी एक युनिट लागतं. एकच. बाकी ४९ युनिट त्याने काम न करता घेतले होते. म्हणजे मी १२० वॅटच्या प्रोसेसरला उगाच दोष देत होते. त्याच्या कामाला वीज लागते ती किरकोळ. बिल वाढवलं त्याच्या रिकाम्या बसण्याने.

आणि त्यातही त्याचा एकट्याचा दोष नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर बनतोच मुळी झोपण्यासाठी. दोन अक्षरं टाइप करण्याच्या मधल्या वेळेतसुद्धा तो आपला बराचसा भाग बंद करतो, कारण बॅटरी वाचवायची असते. झिऑनलाही झोपेच्या पायऱ्या आहेत, पण त्या फार खाली जात नाहीत: चार चॅनेलची रॅम, ३५ एमबी कॅश, कार्डांसाठी ४० पीसीआय लेन, हा सगळा फौजफाटा जागा असतो. त्यात माझ्या पेटीत स्वस्त एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि ग्राफिक्स कार्ड. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली सुरू झालेला 'प्रत्यूष' महासंगणक याच पिढीच्या झिऑनवर उभा होता, ई५-२६९५ व्ही४, १८ कोअरचा. पावसाच्या अंदाजाची गणितं एकामागून एक रांगेत उभी असतात, तिथे याला रिकामा बसवण्याचा प्रश्नच येत नाही. मी त्याला आणून हॉलच्या कोपऱ्यात बसवला आणि दिवसातले तेवीस तास काम दिलं नाही.

इंटेलला हे कळलेलं दिसतं. २०२४ मध्ये झिऑन ६ मध्ये १४४ छोट्या कोअरचा प्रोसेसर आला, ६७८०ई, ३३० वॅटचा. कोअरमागे सव्वादोन-अडीच वॅट. माझ्या झिऑनमध्ये तेच साडेआठ पडतात. ते छोटे कोअर माझ्या लॅपटॉपमधल्या आठ छोट्या कोअरच्याच कुळातले, पुढच्या पिढीचे. ते मोडीत निघतील तेव्हा मी रांगेत उभी असेन.

मार्चमध्ये झोपेवर तोड सापडली. स्लीप जमत नसलं तरी हायबरनेट जमतं. रॅममधलं सगळं एसएसडीवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, मीटरवर २ वॅट. त्यासाठी स्वॅपला (रॅममधला मजकूर उतरवून ठेवायची जागा) एसएसडीवर ऐसपैस जागा द्यावी लागते, आणि परत उठायला ते ५० सेकंद धरून दीड मिनिट लागतं. पण उघड्या फायली जिथल्या तिथे मिळतात. स्क्रिप्टच्या शेवटी हायबरनेटची ओळ टाकून ठेवली. रात्री खंड लावायचे आणि झोपायचं, काम संपलं की ते आपोआप बंद. एप्रिलचं बिल २७२ युनिट, त्यात उन्हाळ्याचे पंखेही आले.

उन्हाळ्याचं मात्र सांगायलाच हवं. सोलापूरचा एप्रिल, दुपारी खोलीत ३७ अंश. लॅपटॉप पहिला अर्धा मिनिट जोरात पळतो, मग तापतो आणि स्वतःला आवरतो. १७ मिनिटांचा खंड २३ मिनिटांवर गेला, आणि हाताखालचा कीबोर्ड इतका गरम की टाइप करवेना. झिऑनवर उंच कूलर आहे, सगळे कोअर कामाला लावले तरी २.९ गिगाहर्ट्झवर ठाम, वेळेत दहा-पंधरा सेकंदांचा फरक. खोली तापते ती वेगळी. लाईट गेली की उलट: लॅपटॉपला पत्ताच लागत नाही, झिऑनचा ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटरसकट पूर्ण भारावर चार मिनिटांत मान टाकतो. म्हणून पावसाळ्यात मी मोठे गठ्ठे रात्री दहानंतरच लावते.

आता रॅमचं. जूनमध्ये सहज म्हणून सिस्टिमची नोंदवही उघडली. त्यात "मेमरीतली चूक दुरुस्त केली" अशा अर्थाची ओळ. मग आणखी एक. मागे जाऊन पाहिलं तर तीन आठवड्यांपासून येत होत्या, आधी दिवसाला एखादी, मग चाळीस-चाळीस. मशीन एकदाही अडकलं नव्हतं. ईसीसी रॅम हे काम गाजावाजा न करता करत होती: एखादा बिट (शून्य किंवा एक) उलटला की ओळखायचा, सरळ करायचा, नोंद ठेवायची, पुढे जायचं.

मुद्रितशोधन करणाऱ्या बाईला याचा अर्थ काय वाटतो ते सांगते. युनिकोडमध्ये "क"चा क्रमांक ०९१५ आणि "ग"चा ०९१७. दोघांत एका बिटचा फरक आहे. एक बिट उलटला की "काळ"चा "गाळ" होतो. "कडी"चा "गडी" होतो. दोन्ही शुद्ध शब्द, कुठलाही शुद्धलेखन तपासक अडवणार नाही. उलटलेला बिट नेमका माझ्या मजकुरावरच पडेल याची शक्यता फार कमी आहे, मला कळतं. पण खराब स्टिक लॅपटॉपमध्ये असती तर मला कळलंच नसतं; तिथे ईसीसी नाही, चूक झाल्याची नोंदही नाही. मूळ खंडांची पानं हातात तुटताहेत. काही वर्षांनी आम्ही केलेली फाईलच उरणार आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. वेग चालेल, ताप चालेल, पण मशीनने चूक केली तर निदान तसं सांगावं.

नोंदीत कुठल्या खाचेतली स्टिक तेही येतं. मी दोन स्टिकची अदलाबदल केली, चुकाही स्टिकबरोबर दुसऱ्या खाचेत गेल्या. म्हणजे बोर्ड निर्दोष. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, मशीन चालू होतंय ना? मग बदलायचं काय?" तिथे गेल्यावर त्याने मेमरीची चाचणी लावून दाखवली, पास. पास होणारच, चूक दुरुस्त होऊनच पुढे जात होती! मी छापून नेलेली नोंद पुढे ठेवली. तो म्हणाला, टेस्टिंग वॉरंटी सात दिवसांची. मी त्याच्याच अक्षरातलं बिल काढलं: "रॅम, १ वर्ष". मग म्हणे, ते मशीन बंद पडलं तर. तसं बिलावर कुठे लिहिलंय, विचारलं. आत काम करणारा एक मुलगा आला, त्याने नोंद वाचली आणि त्याला म्हणाला, "शेठ, स्टिक गेलेलीच आहे, अजून महिनाभर चालेल." त्या मुलामुळे काम झालं. वर ४०० रुपये मागितले, ते मी दिले नाहीत.

आज दिवसभराचं काम, टंकलेखन, प्रुफं, मेल लॅपटॉपवर. स्कॅन झालेले खंड रात्री झिऑनवर. विकायचा विचार सोडला. घेणाऱ्यांनी दुकानातच मशीन स्लीप करून परत जागं करून दाखवायला सांगावं, आणि जमत नसेल तर त्याच खुर्चीत बसून भाव पाडावा. मला हे कळलं असतं तर दोन हजार नक्की सुटले असते. पुढच्या महिन्यात चांगला एसएमपीएस घालणार आहे, ६८ वॅटचे ५५ झाले तर इथेच खाली लिहीन. नवी स्टिक लावून सहा दिवस झाले, नऊ खंड झाले, दुरुस्तीची एकही ओळ आलेली नाही.