हेराल्डच्या बॉनेटची फट: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

वर्ध्याच्या मामांकडून आणलेली स्टँडर्ड हेराल्ड ही दोन दारांची जुनी मोटार मी गेले चौदा महिने नागपुरात जवळजवळ रोज चालवतो आहे. ९४८ सी.सी.चे इंजिन, चार गिअर, मागे स्प्रिंगचा आडवा पाटा ही माहिती वाचकांना असेलच, म्हणून तिची उजळणी करत नाही. लिहिण्याला निमित्त झाले ते जुलैमध्ये बॉनेटच्या कडेचा रंग दोन ठिकाणी टवका उडून निघाल्याचे, आणि त्यावरून एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याशी झालेल्या वादाचे. वाद वरवर पैशांचा असला तरी मुळात तो गाडी कशी दिसावी याविषयी होता, आणि त्यात माझीही बाजू सुरुवातीला चुकीची होती.

हेराल्डच्या रूपाबद्दल आमच्या घरातच एकमत नाही. हेडलाइटवर पापण्यांसारखा पुढे आलेला पत्रा आईला आवडत नाही. गाडी सदा पेंगुळलेली दिसते, असे तिचे म्हणणे आहे. ताईचे आणि माझे लहानपण ॲम्बेसेडरच्या मागच्या सीटवर गेले, त्यामुळे गाडी अंगाने गोल आणि भरीव असावी हे तिच्या मनात पक्के बसले आहे आणि मागचे टोकदार पंख तिला मुळीच खपत नाहीत. माझ्या पुतण्याला मात्र नेमके तेच पंख इतके आवडतात की तो दर रविवारी ते स्वतः पुसून काढतो. यात मला नवल वाटत नाही. फियाटची मल्टिप्ला ही गाडी कुरूप गाड्यांच्या प्रत्येक गप्पांत निघते, आणि तीच गाडी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील मोटारींच्या प्रदर्शनात मांडली गेली होती.

मला पापण्या आणि पंख दोन्ही पहिल्यापासून आवडले. खटकत होती ती फक्त एक गोष्ट, आणि ती म्हणजे बॉनेट आणि दारापुढचा भाग यांच्यामधली फट. या गाडीत बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड मिळून एकच मोठा तुकडा होतो आणि तो पुढच्या बाजूला उलटतो, त्यामुळे ही फट काचेखालून आडवी येऊन दोन्ही बाजूंनी खालपर्यंत उतरते. आजच्या गाडीत अशा जागी नखही शिरत नाही. माझ्या गाडीत डाव्या बाजूला करंगळीचे टोक जात असे. त्यातच बॉनेट बंद ठेवणाऱ्या खिट्ट्या बाहेरून दोन्ही बाजूंना दिसतात, आणि मला तो सगळा भाग अर्धवट राहिलेल्या कामासारखा वाटत असे.

मार्चमध्ये गाडी रंगवायला दिली तेव्हा पेंटरने ही फट पाहून स्वतःहून सुचवले, "साहेब, पुट्टी मारून कड भरून देतो, एकदम नव्या गाडीसारखी लाइन येते." मी आनंदाने होकार दिला. रंगाचे बत्तीस हजार झाले आणि कडा भरण्याचे अडीच हजार वेगळे लागले. गाडी घरी आली त्या दिवशी ती फट एखाद्या रेघेसारखी दिसत होती आणि मी तिचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले. तेव्हा कोणी विचारले असते, तर मी या कामाची मनापासून शिफारस केली असती.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, आणि पाण्याची पातळी पाहण्यासाठी बॉनेट दिवसातून दोनदा उघडावे लागू लागले. बंद करताना डावी कड किंचित घासत असल्याचे तेव्हाच जाणवले होते, पण मी दुर्लक्ष केले. जुलैत पाऊस लागला, वर्धा रोडच्या बाजूच्या रस्त्यांवर खड्डे पडले, आणि एका खड्ड्यातून गाडी गेल्यावर कडेची पुट्टी दोन ठिकाणी पत्र्यापासून सुटली. त्या खालचा उघडा पत्रा आठ दिवसांत गंजू लागला.

पेंटरचे म्हणणे पडले की उन्हाने पुट्टी फुटते, त्याची हमी नसते. मी चिडलो, दोन वेळा त्याच्या दुकानी जाऊन मोठ्याने बोललो, आणि अडीच हजार परत मागितले. तोडगा निघाला तो महालातल्या एका वयस्क मेकॅनिककडे, ज्यांनी तरुणपणी अशा गाड्यांवर काम केले आहे. त्यांनी फटीकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, ही फट भरायची नसते. या गाडीची बॉडी हलते, तिले हलाले जागा लागते."

त्यानंतर मी या गाडीच्या जन्माविषयी वाचले आणि माझे मत पूर्णपणे बदलले. १९५३ मध्ये फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली, आणि नव्या गाडीसाठी अखंड बॉडी मिळवण्याची, हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची ती वाट बंद झाली. म्हणून १९५९ ची हेराल्ड वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, वेगवेगळे भाग बोल्टने जोडून उभी केली गेली, आणि तूरिनच्या जोवान्नी मिकेलोत्ती यांनी त्या तुकड्यांनाच रूप दिले. १९६१ पासून मद्रासला बनलेली आपली हेराल्ड त्याच घडणीची आहे. चासी खड्ड्यात किंचित पिळवटते, तिच्यावरचे भाग एकमेकांपाशी थोडे सरकतात, आणि ती फट त्या सरकण्यासाठी ठेवलेली जागा आहे. मला जे अर्धवट काम वाटत होते, तो या गाडीच्या रचनेचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे असे आज मी म्हणेन.

बाकी गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. पुढची चाके इतकी वळतात की गाडी पंचवीस फुटांच्या वर्तुळात फिरते, आणि महालाच्या गल्ल्यांत मी लहान नव्या गाड्यांना मागे घ्यायला लावून स्वतः एका दमात वळलो आहे. मागचे चाक वेगात वळताना आत दबते, त्यामुळे वळणावर ब्रेक दाबू नये. हेराल्डवरून पुढे निघालेल्या गॅझेल या गाडीत मागचा ॲक्सल बदलला तो याचसाठी. पेट्रोल लिटरला तेरा किलोमीटरच्या आसपास जाते, ते मला जड वाटते. इंजिनाचे काम करताना मात्र मडगार्डावर वाकावे लागत नाही. बॉनेट उलटले की पुढच्या चाकावर बसून काम करता येते.

ऑक्टोबरमध्ये पेंटरने मजुरी न घेता पुट्टी काढून दिली, रंगाच्या साहित्याचे अठराशे मी दिले. नंतर मेकॅनिकनी पुढच्या बिजागऱ्या सैल करून बॉनेट बसवायला दोन पूर्ण सकाळी घालवल्या, आणि प्रत्येक वेळी फटीतून एक पेन्सिल वरून खालपर्यंत फिरवून ती कुठे अडकते ते पाहिले. आता ती दोन्ही बाजूंनी न अडकता फिरते. उजव्या खिट्टीचे रबर अजून ताशी पन्नासच्या पुढे वाजते आणि ते बदलायचे आहे. ताईने परवा गाडी पाहिली आणि फट पुन्हा रुंद का केली, असे विचारले. मी कारण समजावून सांगितले. तिला ते पटले, पण फट आवडली नाही.