हलकं रीळ, ३६५ ग्रॅम: माझे ८,४७९ रुपये कसे गेले

आकडा आधी सांगून टाकतो, कारण तो लपवण्यातच पंधरा दिवस गेले. २,००० ॲडव्हान्स, ४,८०० उरलेले, १८० कुरिअरचे आणि १,४९९ 'परत मिळणारं डिपॉझिट'. एकूण ८,४७९. घरी अजून ६,९८० एवढेच माहीत आहेत. शेवटच्या १,४९९ चं सांगायची छाती झालेली नाही.

गळाने मासे पकडणाऱ्यांच्या ग्रुपवर वापरलेल्या रिळाचा (काठीवरच्या दोरा गुंडाळायच्या यंत्राचा) फोटो, 'बदली झाली म्हणून विकतोय', थोडे आधी बाकीचे नंतर, फसवणुकीचं पुढचं तुम्हाला पाठ आहे. मलाही पाठ होतं. म्हणून ती कथा उगाळत नाही. मला बोलायचं आहे ते वजनाबद्दल.

पण त्याआधी एक. स्वस्तात मिळतंय म्हणून हावरटासारखा धावलो, असं काहीजण बोलले, ते खरं नाही. माझ्याकडे रोहू-कटल्यासाठी घेतलेलं ४००० चं रीळ आहे (हा आकाराचा नंबर, किंमत नव्हे). कणकेच्या गोळ्याला ते झकास. पण त्यावर ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), आणि पुढे ५ ग्रॅमचा स्पिनर (पाण्यात फिरणारं धातूचं आमिष) लावून फेका, दहा पावलांवर पडतो, कोणी विडीचं थोटूक फेकावं तसा. काठावरच्या गवताच्या कडेला लपलेली लहान मरळ काढायची तर ३ ते ७ ग्रॅमचं आमिष, सहा फुटी हलकी काठी आणि बारीक दोरा लागतो. शिवाय यात गळ टाकून बसून राहायचं नसतं, फेकायचं, गुंडाळायचं, पुन्हा फेकायचं. रीळ जड असलं की दोन तासांनी मनगट चहाचा कप उचलू देत नाही. मागच्या वर्षी खिंडसी तलावावर मच्छीमार संस्थेची परवानगी काढून गेलो होतो, तेव्हाच ठरवलं होतं की लहान रीळ घ्यायचं.

आणि मी महिनाभर अभ्यास केला होता! १००० चं रीळ सगळ्यात हलकं, पण स्पूल, म्हणजे दोरा भरायची फिरकी, लहान. त्यावर जरा जाड नायलॉन भरला की तो वेटोळी धरतो आणि स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. २५०० वाईट नाही, सगळ्या कामाला एकच हवं असेल तर तेच घ्या. मला मात्र मधलं हवं होतं. शिमानो कंपनीच्या पद्धतीत त्याला सी२०००एस म्हणतात. 'सी' म्हणजे १००० च्या अंगावर २००० चं स्पूल. 'एस' म्हणजे उथळ स्पूल, बारीक ब्रेडेड (विणलेला) दोरा थोडाच भरला तरी काठापर्यंत येतो. दोरा काठाच्या खाली राहिला की तो प्रत्येक फेकीत कडेला घासतो आणि अंतर कमी होतं. अशा रिळाचं वजन साधारण २०० ग्रॅम. महागातलं असेल तर आणखी कमी.

हे सगळं मला माहीत होतं. ग्रुपवर दुसऱ्यांना मीच समजावत होतो. डायवा या दुसऱ्या कंपनीने एलटी मालिका आणली तेव्हा आकड्यांचं माप बदललं, त्यामुळे जुनं २००० आणि एलटीचं २००० एक समजू नका, हा शहाणपणाही मीच एका पोट्ट्याला शिकवला होता. बेअरिंगच्या संख्येला भुलू नका, '१३+१' लिहिलेली डबडी बघितली आहेत, हेही मीच लिहिलं होतं.

तर, २,००० पाठवून झाले होते. बाकीचे पाठवायचे होते. बरोबर इथे मी विकणाऱ्याला म्हटलं, "भाऊ, एकदा काट्यावर ठेवून फोटो पाठवा."

मी मागितला होता फोटो. मी!

रात्री पावणेअकराला फोटो आला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ओट्यावर ठेवलेला. ओट्याच्या कडेला कणीक सांडलेली. काट्याच्या स्टीलच्या ताटलीला पोह्याचा एक दाणा चिकटलेला. मधोमध रीळ, स्पूलवर सी२०००एस. आणि खाली हिरव्या अक्षरांत ३६५.

तो पोह्याचा दाणा मी झूम करून बघितला. माणूस घरगुती आहे, बायकोच्या काट्यावर तिची बोलणी खाऊन वजन करतोय, असा विचार करून मला हसूसुद्धा आलं. ३६५ दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसलं. आणि मी त्याची वकिली केली. दोरा भरलेला असेल. सोबत जादा स्पूल ठेवलं असेल. काटा जुना असेल. बारीक ब्रेडेड, तोही उथळ स्पूलवर, तो काय दीडशे ग्रॅम भरतो? पण महिनाअखेर होती, दिवसभर स्टॉकची जुळवाजुळव करून डोळे गेले होते, आणि "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे सर, तुम्हाला शब्द दिला म्हणून थांबलोय" हा निरोप फोटोमागोमाग येऊन पडला होता. ४,९८० पाठवून दिले, कुरिअरसकट.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. मी हिंगणा एमआयडीसीत स्टोअरकीपर आहे. आलेला माल काट्यावर घेऊन चलनाशी ताडून बघायचा, याच कामाचा मला पगार मिळतो. एकोणीस वर्षं झाली.

पार्सल सहा दिवसांनी आलं. खोक्यातून निघालं ते लोखंडी दांड्याचं, काळं-सोनेरी, खडखड करणारं रीळ. हँडल फिरवलं की आत कोणीतरी सुपारी कातरतंय असा आवाज. अंगाने सरळ ४००० चं. सी२०००एस हा स्टिकर होता, नखाने निघाला. इतवारीतल्या एका दुकानात दाखवलं, त्या काकांनी हातात घेऊन फक्त एकदा वरखाली केलं आणि म्हणाले, "साडेचारशेची आहे भाऊ, पाहिजे तर चारशेत दुसरी देतो." त्यांना काटा लागला नाही.

घरी येऊन आमच्या काट्यावर ठेवलं. ३६५. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही. म्हणजे जे रीळ दाखवलं तेच त्याने पाठवलं!

आता १,४९९. हे लिहिताना कान तापतात. मी त्याला फोन केला, वाट्टेल ते बोललो. त्याने अतिशय शांतपणे माफी मागितली. पॅकिंग करणाऱ्या पोराने दुसऱ्याचं पार्सल तुम्हाला टाकलं, तुमचं सोलापूरला गेलं, उलट पिकअप लावतो, डिपॉझिट भरा, तीन दिवसांत सगळं परत. मी भरलं. का भरलं? कारण न भरणं म्हणजे आपण फसलो हे कबूल करणं होतं. तीन दिवसांचे अकरा झाले. मग नंबर बंद.

हे अकरा दिवस सगळ्यात महाग पडले. तुम्ही असं करू नका. शंका आली त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे कोणत्या तरी खात्यात शिल्लक असतील तरच गोठवता येतात. त्याला 'एक संधी' देऊ नका, तो तेवढ्यात पैसे पुढे सरकवतो. मी फोन केला तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला, पण खातं तोवर रिकामं होतं.

मग आमच्या भागातलं ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी "ऑनलाइन केली ना तक्रार, मग इथं काहून आले?" तिसऱ्या दिवशी बसवलं. हवालदाराने रीळ हातात घेतलं, हँडल फिरवलं. "हे काय होय? पतंगाची चक्री?" मी सांगितलं. "मासोळी पकडाले सात हजाराची मशीन? तेवढ्यात वर्षभर रोहू खाल्ली असती ना भाऊ." शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. हसा. मीही त्यांच्या जागी हसलो असतो. पण पुढे त्याने माझ्या मोबाइलवर सगळी चॅट वाचली, तो फोटो उघडला आणि म्हणाला, "त्यानं तर वजन दाखवलं होतं तुम्हाले. वस्तू तर भेटली. यात फसवणूक कोठं आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सुचलं. खोटा स्टिकर लावून पैसे उकळणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४). समोरचा दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून हात वर करता येत नाहीत, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती देता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. कागदावर लिहून नेलं. साहेब म्हणाले, "वकील आहात का?" स्टोअरकीपर आहे म्हटलं. "मग वजन करून घ्यायचं ना."

बँकेत गेलो तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. कुरिअरवाल्याकडे गेलो तर त्याने रजिस्टर उलटवून दाखवलं, पार्सल ४९० ग्रॅमचं बुक झालं, ४९० ग्रॅमचंच पोचलं. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर एकाने सांगितलं की विकणारा दुकानदार नाही, घरगुती माणूस आहे, ते प्रकरण जमायचं नाही. घरगुती! पोह्याचा दाणा आठवला.

जुनं रीळ घेत असाल तर फोटो नको, व्हिडिओ कॉल मागा. बेल (दोरा अडवणारी तारेची कडी) उघडून हँडल फिरवायला लावा, आवाज ऐका. रिळाच्या पायावरचा, म्हणजे काठीला बसणाऱ्या भागावरचा, कोड वाचून दाखवायला सांगा. काट्यावर ठेवायला सांगा, आणि तो आकडा कंपनीच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. जुळला नाही तर वकिली करू नका. खोका, स्टिकर आणि चॅट यातलं काहीही फेकू नका. अर्धे पैसे गेले असतील तर ते गेले समजा, उरलेले अर्धे पाठवून पहिले परत येत नाहीत.

काल ठाण्यातून फोन आला. सोमवारी या, 'ती मशीन' घेऊन या. आणि खरी मशीन केवढ्या वजनाची असते, याचा काही कागद आहे का, असं विचारलं. कंपनीच्या साइटवर वजनाचा तक्ता आहे म्हटलं. प्रिंट आणा म्हणाले.

रंगीत काढली. १० रुपये. ८,४८९ झाले.