लास वेगासला घर: हेंडरसन की समरलिन?

नेवाडात राज्याचा आयकर नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियातून लास वेगासला यायचा विचार करत असाल, तर घर शोधताना हेंडरसन आणि समरलिन ही दोन नावं सतत कानावर येतील. माझं मत आधीच सांगतो. रोज स्ट्रिपच्या (कसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्याच्या) किंवा विमानतळाच्या बाजूला कामाला जायचं असेल तर हेंडरसन घ्या. घरून काम असेल आणि डोंगराची ओढ असेल तर समरलिन. मात्र चुकीचं घर दोन्हीकडे गळ्यात पडू शकतं, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते.

हेंडरसन हे वेगळं शहर आहे, महापालिका आणि पोलीस त्याचे स्वतःचे. दुसऱ्या महायुद्धात मॅग्नेशियमच्या कारखान्याभोवती वस्ती झाली आणि 1953 मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. समरलिन मात्र नियोजित वसाहत आहे. हॉवर्ड ह्यूजेसने घेऊन ठेवलेल्या जमिनीवर ती 1990 च्या सुमारास उभी राहू लागली आणि तिला त्याच्या आजीचं नाव मिळालं. तिचा काही भाग लास वेगास शहरात येतो, काही थेट क्लार्क काउंटीत. शाळांचा जिल्हा मात्र सगळीकडे एकच, क्लार्क काउंटीचा. म्हणून ‘तिकडच्या शाळा चांगल्या’ एवढ्यावर विसंबू नका, त्या पत्त्याला नेमकी कोणती शाळा लागते ते बघा.

आता उन्हाचं. 7 जुलै 2024 ला इथे 120 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 49 सेल्सियस नोंदलं गेलं. समरलिन रेड रॉक कॅन्यनच्या पायथ्याशी, उंचावर आहे. तिथे पारा लास वेगास खोऱ्याच्या तळापेक्षा काही अंश खाली असतो, पण वाराही जोराचा. हेंडरसनमधला अँथमसारखा भागही उंचावर आहे, त्यामुळे अख्ख्या हेंडरसनला उकाड्याचं म्हणता येणार नाही.

गावापेक्षा घराच्या दिशेने जास्त फरक पडतो. आपल्याकडे अनेकांना पूर्वेचा दरवाजा हवा असतो. पण इथल्या घरांची रचना अशी, की पुढचं दार पूर्वेला आलं की मागचं अंगण पश्चिमेला जातं, आणि बसायच्या खोलीची मोठी सरकती काच त्याच बाजूला असते. जुलैत दुपारी चारला त्या काचेच्या धातूच्या कडीला हात लावून बघा, लगेच मागे घ्याल. अंगणात सूर्य मावळेपर्यंत बसता येत नाही आणि एसी थांबायचं नाव घेत नाही. पूर्वेचाच दरवाजा हवा असेल तर जरूर घ्या, पण मागे खोल छप्पर असलेला पॅटिओ आहे का ते बघा आणि विकणाऱ्याकडे जुलै-ऑगस्टची विजेची बिलं मागा. घर बघायला सकाळी जाऊ नका.

दुसरा मोठा फरक महिन्याच्या खर्चात. समरलिनमध्ये मुख्य एचओएचा, म्हणजे घरमालकांच्या संघाचा, मेंटेनन्स असतोच, आणि कित्येक ठिकाणी आतल्या छोट्या वसाहतीचा वेगळा. नव्या भागात वर एसआयडी लागते, म्हणजे रस्ते, गटारं, दिवे यांसाठी काढलेल्या कर्जाचा तुमच्या घरावरचा वाटा. हेंडरसनच्या इन्स्पिरादासारख्या नव्या वसाहतींत तोच प्रकार एलआयडी नावाने आहे. हेंडरसनमधल्याच ग्रीन व्हॅली भागातल्या जुन्या घरांवर हा बोजा बहुतेक करून नसतो. तिथली झाडंही वाढलेली आहेत, आणि या वाळवंटात सावलीला फार किंमत आहे. तेवढ्याच पैशांत मला कुणी विचारलं तर मी ग्रीन व्हॅलीच सुचवेन.

हेंडरसनच्या केडन्स या नव्या वसाहतीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यातली जमीन साफ करून ती वसाहत उभी केली आहे. हेंडरसनमध्ये रॉकेटच्या इंधनात लागणारं परक्लोरेट बनायचं. 4 मे 1988 ला अशाच एका कारखान्यात प्रचंड स्फोट होऊन दोघांचा जीव गेला, आणि भूजलातलं परक्लोरेट काढायचं काम पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं. म्हणून तिथे घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. जमिनीच्या इतिहासाची कागदपत्रं मागून वाचा, एवढंच.

पाण्याच्या बाबतीत निवड करायला वाव नाही. दोन्हीकडचं बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीचं, लेक मीडमधून येणारं.

देवळाची ओढ असेल तर लास वेगासचं हिंदू मंदिर समरलिनमध्ये आहे. हेंडरसनहून सणासुदीला खोरं ओलांडून जावं लागतं.

तीन-चार वर्षांत परत जायचं असेल तर भाड्यानेच राहा. हे पर्यटनावर जगणारं गाव आहे. 2006 नंतरच्या मंदीत इथल्या घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या, आणि एप्रिल 2020 मध्ये बेकारी 30 टक्क्यांच्या वर गेली. ‘नाहीतर पर्यटकांना देऊ’ हा हिशेबही धरू नका, अनेक एचओए 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं चालू देत नाहीत.

सौदा ठरला की दोन कागद सांभाळा. घरात स्वतः राहणाऱ्याच्या मालमत्ता कराची वाढ वर्षाला 3 टक्क्यांपर्यंतच मर्यादित राहते, नाहीतर ती 8 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यासाठी काउंटीच्या असेसरकडून, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडून, येणारं कार्ड भरून परत पाठवा. दुसरा कागद म्हणजे जुनं घर घेताना मिळणारा एचओएचा रीसेल पॅकेज, म्हणजे संघाच्या नियमांची आणि हिशेबाची कागदपत्रं. तो हातात पडल्यापासून पाच दिवसांत व्यवहार रद्द करता येतो. राखीव निधी किती आहे, जास्तीची वर्गणी लागणार आहे का आणि कोर्टात दावे चालू आहेत का, हे त्या पाच दिवसांत शोधून काढा.